सदतिसावा गुण

वामनराव कंपाउंडर कोणत्याही लग्नात अक्षता टाकत नसत. लग्नांना मात्र जात, बोलावणं असो वा नसो. बंद गळ्याचा कोट घालायचा, मांडवाच्या खांबाला टेकून उभं राहायचं, अक्षतांचं ताट समोर आलं की मूठभर घ्यायच्या, मंगलाष्टकं संपेपर्यंत मूठ आवळून धरायची आणि शेवटी त्या अक्षता ताटातच परत सोडायच्या. कोणी विचारलं तर म्हणत, "दुसऱ्या लग्नाले कामी येतीन. माल खराब थोडाच झाला?"

लग्नात ते एवढंच करत, कारण त्यांच्या मते तोवर गोष्ट हाताबाहेर गेलेली असे. त्यांचा खरा दंगा साक्षगंधात, म्हणजे लग्न पक्कं करायच्या बैठकीत. पाहुणे बैठकीवर बसलेले, पानाचं तबक फिरतंय, भटजी पत्रिकांवरून बोट फिरवून सांगताहेत, "छत्तीसपैकी सव्वीस गुण जुळतात, उत्तम आहे," आणि मागच्या बाजूने एक खर्जातला आवाज येई, "अन् सदतिसावा? सदतिसावा पाह्यला का?"

सदतिसावा गुण म्हणजे नवऱ्या मुलाच्या रक्ताचा कागद. त्याला गरमी किंवा परमा, म्हणजे बाहेरख्यालीतून लागणारे रोग नाहीत, हे मोठ्या दवाखान्यातून लिहून आणायचं. हे शब्द आमच्या अमरावतीत कोणी उच्चारत नसे. लोक म्हणत 'उष्णता'. वामनराव ते दोन्ही शब्द वांगी-बटाटे म्हणावं तसे म्हणत.

ते गेले त्याला अडीच महिने झाले. त्यांच्यावर चार ओळी लिहाव्यात म्हणून रोज बसतो आणि रोज दोनच लिहितो. मी शाळामास्तर, स्वभावाने बुजरा. पण मागच्या आठवड्यात एका साक्षगंधात भटजींनी गुण सांगितले आणि मागच्या बाजूने कोणीच काही बोललं नाही, तेव्हा मीच विचारलं. आवाज चिरका निघाला. सगळ्यांनी वळून पाहिलं. यापुढेही विचारीन म्हणतो. या लिखाणात नावं बदलली आहेत. वामनराव असते तर त्यांनीच बदलायला लावली असती.

आमच्या घराजवळच्या दवाखान्यात डॉक्टर बदलत, वामनराव बदलत नसत. भिंतीवर या रोगांविषयी मध्यप्रांत सरकारचा एक तक्ता होता. तो इंग्रजीत असल्यामुळे त्याचा फायदा फक्त भिंतीला होई. बाकीच्यांसाठी वामनराव होते. बाटलीवर मात्रांची कागदी पट्टी चिकटवता चिकटवता ते माणसाला सोलून काढत, पण दार लावून. दाराबाहेर या गोष्टी माणसांची नावं पुसून येत.

एका वकिलाचा कारकून आला. म्हणाला, "हॉटेलातल्या कपानं झालं हो."

"कोन्त्या हॉटेलातल्या?"

"स्टेशनाजवळच्या."

"कप एकलाच होता का बशीबी होती संगं?" वामनरावांनी विचारलं. "घेऊन ये दोघायले. त्यायलेबी सुया टोचू."

वलगावकडचा एक शेतकरी म्हणाला, वांगी फार खाल्ली, उष्णता झाली. वामनराव खवळले. "वांग्याले बदनाम नको करू. बिचारं दिवसभर झाडाले लटकून रायते, कोठी येत नाई, जात नाई." एक जण म्हणाला, आम्ही चांगल्या घराण्यातले, आम्हाला असलं होणार नाही. त्याला उत्तर मिळालं, "जंतूले आडनाव इचारता येत नाई, बाप्पा." आणि ज्याची जखम आपोआप बुजली म्हणून तो औषध सोडून चालला होता, त्याला वामनरावांनी दारातून बाहीला धरून परत आणला. "चोर पलंगाखाली गेला म्हून घरातून गेला का गा? बस. सुया पुऱ्या कर."

मग ते वरठ्याचं प्रकरण. आमच्या गल्लीचे कपडे धुणाऱ्या वरठ्याकडे कोणा रोग्याचं धोतर जातं अशी बोंब उठली आणि चार दिवसांत त्याचं गाढव रिकाम्या पाठीने फिरू लागलं. वामनराव त्याच्याकडे गेले, ते धोतर मागून घेतलं आणि बाजाराच्या दिवशी नेसून भर बाजारातून हिंडले. धोतराचा मालक बुटका असावा. वामनरावांच्या पोटऱ्या उघड्या पडल्या होत्या. "पाह्यून घ्या," ते भाजीवाल्यांना सांगत होते, "आठ दिवसानं पुन्हा येतो. काई झालं असन तर तुमाले दाखवतो." आठ दिवसांनी ते पुन्हा आले, आणि आता ते खरंच धोतर वर करून दाखवतील या भीतीनेच लोकांनी कपडे वरठ्याकडे धाडले.

माझी आई शहाणी बाई, पण तिलाही वामनरावांच्या हातांची धास्ती होती. नाही नाही ते हाताळतात, असं ती म्हणे. ते माझ्या वडिलांचे मित्र. वडील गेल्यावरही दर दोन दिवसांनी ओसरीवर येऊन बसत. त्यांच्यासाठी आईने कान तुटलेला एक कप वेगळा ठेवला होता. तो खिडकीत पालथा असे. वामनरावांना ते ठाऊक होतं. आल्याबरोबर म्हणत, "वहिनी, माहा कप बरा आहे ना? कान आला का त्याले?" आई पदर तोंडाला लावून आत जाई आणि त्याच कपात चहा आणी.

अशात माझी बहीण दुर्गा सतरा वर्षांची झाली. बापूमामांनी अकोल्याचं स्थळ आणलं. मुलगा प्रभाकर, दिसायला देखणा, वडील वकील, कापसाच्या जिनिंगमध्ये भागी. पत्रिका जुळली, एकोणतीस गुण. आमच्यासारख्या बिनबापाच्या घराला हे स्थळ म्हणजे दारात हत्ती. साक्षगंध आमच्याकडे ठरलं. आदल्या दिवशी मी भीत भीत दवाखान्यात गेलो.

"वामनकाका, उद्या तेवढं विचारू नका."

ते बाटलीवर पट्टी चिकटवत होते. मान वर न करता म्हणाले, "इचारीन."

मी दार लोटून घेतलं. अकोल्याची माणसं, गावात कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून, औषधासाठी अमरावतीला येतात हे मला माहीत होतं. "तुम्हाला काही ठाऊक आहे का? खरं सांगा."

"मास्तर, दवाखान्यातलं बाहेर जात नाई. डॉक्टरनं शपथ घेतली, मी नाई घेतली. म्हून मले जास्त सांभाळा लागते."

"मग भर बैठकीत विचारता कशाला?"

आता त्यांनी मान वर केली. "एका ठिकानी इचारलं तर थे चुगली होते. सगळ्या ठिकानी इचारलं तर रिवाज होते. मागच्या साली तुह्या शाळेतल्या त्या ड्रॉइंग मास्तरले इचारलं. तो पोट्टा बाई दिसली का दुसऱ्या गल्लीतून जाते. तरी इचारलं. लोक हासले. हासू दे. मी समद्यायले इचारतो म्हूनच कोनाचंबी सांगत नाई. समजलं?"

वीस वर्षं गाव ज्याला वेड म्हणत होतं, त्याच्या आत असा हिशेब होता. प्रभाकरविषयी मात्र मला काही कळलं नाही. तो रोगी असो वा धुतल्या तांदळासारखा, वामनराव तेच विचारणार होते. उत्तर मला माझंच काढायचं होतं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. प्रभाकर, त्याचे वडील वकीलसाहेब, पाच-सात आप्त, आणि प्रभाकरचे मामा-मामी. मामा गोल, हसरे, तोंडात कायम पान. मामी किरकोळ बांध्याच्या, आल्या तशा बायकांत जाऊन बसल्या. भटजींनी पत्रिका उलगडल्या.

"एकोणतीस गुण. योग चांगला आहे."

"अन् सदतिसावा?"

बापूमामा माझ्या कानाशी फुत्कारले, "या माणसाला कोणी बोलावलं?"

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. "हे गृहस्थ कोण?"

"मी कंपाउंडर. नवरदेवाच्या रक्ताचा कागद आनला का? नसन आनला तर काई हरकत नाई. पंधरा दिवसांत येते. तंवर लाडू टिकतेत."

"आम्ही काय बैलबाजारात आलो आहोत?"

"बैलबाजारात दात तरी पाह्यतेत," वामनराव म्हणाले.

कोणीतरी फिसकन हसलं आणि खोकल्यात लपवलं. मी प्रभाकरकडे पाहत होतो. तो सतरंजीची रेघ बोटाने गिरवत होता. वकीलसाहेब उठू लागले, आमच्या घराण्यात असलं कधी, वगैरे सुरू झालं. तेव्हा प्रभाकरच्या मामांनी त्यांचा हात धरून खाली बसवलं. त्यांना मनापासून भांडण मिटवायचं होतं.

"अहो बसा, बसा. एवढं काय त्यात? तरुण वय आहे. किरकोळ उष्णता असते एखाद्याला. लग्न झालं की उतरते. वैद्यसुद्धा हेच सांगतात. आमची नाही का उतरली?"

आणि सगळ्यांकडे पाहून हसले.

सुपारी कातरणाऱ्याचा अडकित्ता थांबला. वामनराव खांब सोडून सरळ उभे राहिले. बोलल्या मामी. बायकांच्या खोलीच्या उंबरठ्यावर त्या येऊन उभ्या राहिल्या होत्या. पुरुषांकडे त्यांनी पाहिलंच नाही, त्यांचं बोलणं माझ्या आईशी होतं.

"ह्यांची उतरली, खरं आहे. ती माझ्यात उतरली. चार बाळंतपणं झाली माझी. एकही पाळणा बारशापर्यंत टिकला नाही. आणि पायगुण वाईट म्हणून नाव माझं पडलं. मुलगी देऊ नका, बाई."

मामांच्या तोंडातलं पान चघळायचं राहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी ते कधी असं ऐकलं नसावं.

"चला," वकीलसाहेब म्हणाले. बापूमामा हात जोडून त्यांच्या आडवे गेले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "अरे, तू घरातला कर्ता ना? माफी माग!"

मी उभा राहिलो. "कागद आणा," मी म्हणालो. "मग पुढचं बोलू." माझ्या आयुष्यात मोठ्याने बोललेलं हे पहिलं वाक्य. तेही फारसं मोठं नव्हतं, पण ऐकू गेलं.

ते गेले. मामी कोणाचीही वाट न पाहता चालत गेल्या आणि टांग्यात सर्वांत आधी जाऊन बसल्या.

बापूमामा टोपी आपटून निघून गेले. आतून दुर्गाने विचारलं, "दादा, दोनशे लाडू आहेत. काय करू?"

"मले दे," ओसरीवरून वामनराव म्हणाले.

आई चहा घेऊन आली. पाहुण्यांसाठी काढलेल्या, सोनेरी काठाच्या कपात. वामनरावांनी कप फिरवून पाहिला. "अन् माहा कप? फुटला का?"

"फुटला नाही," आई म्हणाली. "मी फोडला."

पुढचे दिवस सोपे नव्हते. ज्या घरात त्या रोगाचं नाव निघालं त्या घरातच काहीतरी असणार, असं गल्लीने ठरवलं. मुलीतच दोष असेल, असंही दोघी-तिघी बोलल्या. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आम्हाला बोलावणी कमी आली. जी आली तिथे दुर्गा गेली, ताठ मानेने, ठेवणीतलं लुगडं नेसून. वामनराव आता रोज येऊ लागले. ओसरीच्या अगदी कडेला बसत, रस्त्यावरून दिसेल असे, आणि मुद्दाम मोठ्याने म्हणत, "दुर्गे, तुह्या हातचं पानी आन बरं!" आणि तांब्याला तोंड लावून पीत. आमच्या घरात तांब्याला तोंड लावलेलं चालत नसे. आईने कधी हूं की चूं केलं नाही.

पाच महिन्यांनी मी खोकल्याचं औषध आणायला दवाखान्यात गेलो, तर बाकावर प्रभाकर बसलेला. मला पाहून त्याने मान खाली घातली.

"मान कायले खाली घालून राह्यला?" वामनराव आतून येत म्हणाले. "सुई दंडात टोचतेत, मानेत नाई." मग त्याला पेलाभर पाणी दिलं. त्याने अर्धं पिऊन ठेवलं, उरलेलं वामनराव प्यायले. अगदी सहज, जसं काही स्वतःचंच होतं. प्रभाकर त्या पेल्याकडे पाहतच राहिला. मी खोकल्याचं औषध न घेताच परत आलो. घरी कोणाला काही बोललो नाही. वामनरावांचा रिवाज आता मलाही लागू होता.

त्याच वर्षी अकोल्याहूनच एक शाळामास्तर आपण होऊन आला. नाव केशव. टांग्याचे पैसे वाचवून स्टेशनावरून चालत आला होता, कपाळावर घाम. पत्रिका काढून माझ्यापुढे ठेवली. तिला टाचणीने एक कागद टाचलेला होता. रक्ताचा.

"अकोल्यात तुमच्या घराबद्दल फार वाईट ऐकलं," तो म्हणाला. "वकीलसाहेबच सांगत फिरत होते. म्हटलं, जिथं एवढं विचारतात तिथं एकदा जाऊन यावं."

भटजींनी एकोणीस गुण काढले आणि मान हलवली. वामनरावांनी कागद उजेडाला धरला, उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. "माह्यासाठी वीस झाले. घ्या गूळ!"

लग्नाच्या दोन दिवस आधी मी त्यांना दवाखान्यात गाठलं. "काका, परवा तरी अक्षता टाका. दुर्गाच्या."

त्यांनी खल पुढे ओढला आणि घोटू लागले. मग म्हणाले, "माही एक बहीन होती. सगुणा. मायपेक्षा तिनंच वागवलं मले. तिचं लगन ज्याच्यासंगं ठरलं थ्या पोट्ट्याले उष्णता होती. गावाले ठाऊक होतं. वैद म्हने, लगन करून द्या, उतरते. मी नऊ वर्षांचा. आमच्याकडे अक्षता जवारीच्या. मी मुठी भरभरून टाकल्या, मास्तर. येवढ्या, का लोक हासून हासून म्हनत होते, पोरगं पेरनी करून राह्यलं."

खल थांबला.

"दोन वर्षानं वापस आनून टाकली तिले. गोठ्यात ठेवली. तिचा गडवा अलग, ताटली अलग. मी भाकर न्यायचो, उंबऱ्यावर ठेवायचो, अन् पानी लांबून वरून टाकायचो. ओंजळीत. घरचे मले म्हनत, तिले शिवू नको. सगुणा म्हने, वामन्या, आत ये ना, बस ना जराक. मी नाई गेलो. पुढं दवाखान्यात लागलो तवा समजलं, बाजूले बसल्यानं, पानी पेल्यानं काईच होत नाई. तवा समजलं." त्यांनी पुन्हा बत्ता उचलला. "टाकलेल्या अक्षता येचता येत नाईत मास्तर."

मी मांडवाच्या कामाला परत गेलो.

दुर्गाच्या लग्नात ते नेहमीसारखे खांबाला टेकून उभे होते, तोच बंद गळ्याचा कोट. ताट समोर आलं तेव्हा मूठभर अक्षता घेतल्या. 'सावधान' झालं की सगळ्यांचे हात वर जात, त्यांची मूठ तेवढी छातीशी. एक, दोन, पाच मंगलाष्टकं. शेवटी वाजंत्री वाजली, आणि मूठ तशीच मिटलेली. पण या वेळी ती ताटाकडेही वळली नाही.

नवरा-नवरी पाया पडायला निघाली. वामनराव कोणाला पाया पडू देत नसत, मागे सरकत. त्या दिवशी सरकले नाहीत. दुर्गा वाकली तेव्हा त्यांनी मूठ उघडली. अक्षता घामाने भिजून तळव्याला चिकटल्या होत्या, तळवा कुंकवाने लाल झाला होता. त्यांनी त्या टाकल्या नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बोटांनी हळूहळू सोडवून तिथेच ठेवल्या, जशा काही त्या फुटतील.

ती उठली तेव्हा काही दाणे ओघळून सतरंजीवर पडले. मांडवात सगळीकडे अक्षतांचा सडा होता, पायाखाली कुरकुरत होता. वामनराव एक गुडघा टेकून खाली बसले आणि त्या सड्यातून आपले तेवढे ओले दाणे एकेक करून वेचू लागले. मी वाढायला धावत होतो. पंगत बसली, पहिला भात झाला, तरी ते वेचतच होते. दुर्गा पंगतीतून उठून आली आणि उष्ट्या हाताने तशीच त्यांच्या शेजारी जाऊन बसली.